रेघ आणि माळ : किंडर स्काउटच्या दोन कथनांचे परीक्षण

इंग्लंडमधल्या डोंगरमाळांवर सामान्य माणसाने पायी फिरावे की नाही, या प्रश्नावर तिथे दीडशे वर्षे भांडण चालू आहे. या भांडणाचा इतिहास शिकवताना एक तारीख हमखास येते : २४ एप्रिल १९३२. त्या रविवारी मँचेस्टर परिसरातले चारएकशे कामगार तरुण हेफील्ड गावाजवळच्या बाउडन ब्रिजच्या खाणीत जमले आणि किंडर स्काउट या बंदी असलेल्या माळाकडे निघाले. वाटेत राखणदारांशी झटापट झाली, संध्याकाळी अटका झाल्या, पुढे पाच जणांना तुरुंगवास झाला. पाठ्यपुस्तके आणि माहितीपट पुढची कथा अशी सांगतात की, या एका दिवसातून राष्ट्रीय उद्याने आली, कायदा आला आणि माळ खुले झाले.

ही कथा कितपत टिकते, हे तपासण्यासाठी या टिपणात दोन पुस्तके समोरासमोर ठेवली आहेत. पहिले बेनी रॉथमन यांचे 'द १९३२ किंडर ट्रेसपास'. त्या दिवसाच्या पुढाऱ्याने घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९८२ मध्ये, ते प्रसिद्ध केले. दुसरे टॉम स्टीफन्सन यांचे 'फॉरबिडन लँड'. लेखकाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, ॲन होल्ट यांच्या संपादनाखाली ते निघाले. चळवळ एकच, माळ तोच. पण दोघांचे एकमेकांशी पटत नाही. रॉथमन यांच्या दृष्टीने तो दिवस निर्णायक होता. स्टीफन्सन यांच्या मते प्रवेशहक्काच्या लढ्यात त्या दिवसाचा वाटा फारच थोडा. विद्यार्थी बहुधा यातले एक पुस्तक वाचतात आणि त्याच्या बाजूचे होतात. दोन्ही वाचली, आणि शेजारी नकाशा ठेवून वाचली, की भांडणाचे खरे कारण वेगळेच असल्याचे लक्षात येते.

पार्श्वभूमी, थोडक्यात

किंडर स्काउट हा डार्बीशरमधला ६३६ मीटर उंचीचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. माथ्यावर पीटची काळी ओली माती आणि हेदरची झुडपे. शेतीला निरुपयोगी, पण ग्राउस पक्ष्याच्या शिकारीला उत्तम. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडमध्ये पाच हजारांहून अधिक कायदे करून सामायिक जमिनींना कुंपणे घातली गेली. देशाच्या क्षेत्रफळाचा सुमारे पाचवा हिस्सा, ६८ लाख एकर, त्यांत आला. किंडरचा माळही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असाच खाजगी मालकीत गेला. वर्षातले थोडे दिवस मालकाच्या पाहुण्यांनी बंदुका घेऊन यायचे आणि उरलेले सगळे दिवस राखणदारांनी माणसांना हाकलायचे, अशी व्यवस्था झाली. मँचेस्टर आणि शेफील्ड ही दोन धुरकट औद्योगिक शहरे या माळाच्या दोन्ही अंगांना, रविवारच्या आगगाडीने सहज गाठता येतील इतक्या अंतरावर. या भूगोलातच भांडणाचे बीज आहे.

माळाच्या कडेला पाट्या असत : आगंतुकांवर खटला भरला जाईल. कायद्याच्या दृष्टीने ही निव्वळ थाप होती. परक्याच्या जमिनीत नुसते पाऊल टाकणे हा तिथे फौजदारी गुन्हा नव्हता. मालकाने दिवाणी दावा लावून नुकसानभरपाई किंवा मनाई मागावी, एवढाच मार्ग होता. म्हणूनच १९३२ च्या आरोपींवर जमिनीत घुसल्याचा आरोप ठेवताच आला नाही. बेकायदा जमाव, शांतताभंग, एका राखणदाराला झालेली इजा असे आरोप ठेवावे लागले. 'माळावर चालले म्हणून तुरुंगात गेले' हे लोकप्रिय वाक्य म्हणूनच ढिले आहे.

रॉथमन : आतून दिसलेला दिवस

रॉथमन यांचे पुस्तक लहान आहे आणि ते स्वतःला वैयक्तिक दृष्टिकोन म्हणवते. हा प्रामाणिकपणा वाचकाने लक्षात ठेवावा. १९३२ मध्ये ते वीस वर्षांचे होते, मोटारगाड्यांच्या कामातले, रुमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले आणि ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन या साम्यवादी वळणाच्या संघटनेचे स्थानिक कार्यकर्ते. त्याच वर्षी ईस्टरच्या शिबिरात आलेल्या एका छोट्या गटाला राखणदारांनी ब्लीकलो भागातून परत पाठवले होते. पाच-सहा जणांना हुसकावता येते. पाचशे जणांना कसे हुसकावणार? रविवारच्या बेताचा उगम या साध्या हिशेबात आहे, आणि रॉथमन तो कसलाही सिद्धांत न लादता सांगतात.

पुस्तकातली सर्वांत जिवंत पाने तयारीची आहेत. वृत्तपत्राला आधीच बातमी देणे, पत्रके वाटणे, स्टेशनवर मनाई हुकूम हातात पडू नये म्हणून आगगाडी टाळून सायकलने हेफील्ड गाठणे. ठरलेला वक्ता ऐन वेळी कचरल्यामुळे खाणीतल्या कातळावर चढून स्वतःच भाषण करणे. यात मोठेपणाचा आव नाही. इतिहासात ज्यांना पुढारी म्हणतात, ते पुष्कळदा दुसरे कोणी पुढे आले नाही म्हणून पुढारी झालेले असतात, हे या पानांतून सहज उमगते.

खटल्याचा भागही मोलाचा आहे. डार्बीच्या न्यायालयात, घटनेच्या गावापासून आणि आरोपींच्या शहरापासून दूर, खटला चालला. ज्युरीत लष्करी हुद्देदार आणि जमीनदार यांचा भरणा असल्याचे रॉथमन नोंदवतात. त्यांनी स्वतःचा बचाव स्वतः मांडला. त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. इतरांना दोन ते सहा महिने.

दुबळा भाग आहे तो परिणामांचा. रॉथमन दिवसाचे वर्णन करतात तेव्हा प्रत्येक पाऊल पाहिल्यासारखे असते. परिणाम सांगताना मात्र ते १९३२ वरून थेट १९४९ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यावर येतात. मधल्या सतरा वर्षांत काय घडले? १९३९ चा 'ॲक्सेस टू माउंटन्स' कायदा घडला. तो संसदेत इतका मोडतोड होऊन बाहेर पडला की काही परिस्थितीत माळावर पाय ठेवणे हाच त्याने गुन्हा ठरवला. सुदैवाने तो कधी अमलात आला नाही. तुरुंगवासाने जनमत वळले हे मान्य केले, तरी वळलेल्या जनमतातून सात वर्षांनी असा कायदा का निघाला, याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही.

घटनेच्या कीर्तीत आणखी एका गोष्टीचा हात आहे. इवन मॅकॉल हे पुढे नामवंत झालेले गायक-नाटककार तेव्हा जिमी मिलर या मूळ नावाने प्रसिद्धीचे काम पाहत होते. 'द मँचेस्टर रॅम्बलर' हे त्यांचे गाणे त्याच वर्षीचे. किंडर आज इतके आठवते त्यात या गाण्याचा वाटा कोणत्याही अहवालापेक्षा मोठा असावा, असे माझे मत आहे.

उलट उदाहरण विंटर हिलचे. बोल्टन शहराजवळच्या या डोंगरावर कर्नल एन्सवर्थ या जमीनमालकाने कोल पिट रोड ही जुनी वाट बंद केली, तेव्हा ६ सप्टेंबर १८९६ रोजी सुमारे दहा हजार माणसे फाटक मोडून वर गेली. म्हणजे किंडरच्या पंचवीसपट लोक, छत्तीस वर्षे आधी. मालकाने दावा लावला. लोकांच्या बाजूने जुन्या वहिवाटीच्या साक्षी झाल्या, तरी निकाल मालकाच्या बाजूने गेला. त्यानंतर ही घटना इतकी विस्मरणात गेली की १९८० च्या दशकात पॉल सॅल्व्हसन या स्थानिक इतिहासकाराला ती जवळजवळ नव्याने शोधून काढावी लागली. तिला कायद्यात रूपांतर झाल्याचा गोड शेवट नव्हता.

स्टीफन्सन : फायलींच्या बाजूने

टॉम स्टीफन्सन यांना हस्तिदंती मनोऱ्यातले टीकाकार समजण्याची चूक करू नये. ते लँकेशरच्या चॉर्ले गावचे, कोवळ्या वयात कारखान्यात लागलेले. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून त्यांनीही तुरुंग भोगला. पुढे पत्रकार झाले. १९३५ मध्ये 'डेली हेरल्ड'मध्ये त्यांनी इंग्लंडच्या कण्यावरून जाणाऱ्या लांब पायवाटेची कल्पना मांडली. युद्धकाळात नियोजन खात्याच्या प्रसिद्धी विभागात काम केले आणि १९४८ पासून वीसेक वर्षे रॅम्बलर्स असोसिएशनचे सचिव होते. १९४८ मध्येच ह्यू डाल्टन, बार्बरा कॅसल आदी खासदारांना घेऊन ते त्या नियोजित वाटेवर चालले. पेनाइन वे नावाची ती सुमारे ४३० किलोमीटरची वाट १९६५ मध्ये खुली झाली. उद्घाटनाची तारीख होती २४ एप्रिल. किंडरचा दिवस आणि हा दिवस एकच, पण बाराही महिने समित्यांच्या बैठकांत बसलेल्या माणसाच्या मनात या योगायोगाबद्दल काय आले असेल, याचा अंदाज 'फॉरबिडन लँड' वाचताना करता येतो.

या पुस्तकाचा आवाका रॉथमन यांच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. १८८४ मध्ये जेम्स ब्राइस यांनी स्कॉटलंडच्या डोंगरांसाठी संसदेत आणलेल्या विधेयकापासून ते सुरू होऊन, एकामागून एक पडत गेलेल्या विधेयकांमधून वाचकाला नेते. हे वाचन सुखाचे नाही. कलमे, उपकलमे, दुरुस्त्या, कोणी कोणत्या बैठकीत काय कबूल केले. तरीही सांगतो, या विषयावर एकच पुस्तक वाचायला वेळ असेल तर हे वाचा. एखादा हक्क संसदेत कसा झिजवला जातो, हे १९३९ च्या कायद्याच्या प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच.

पण किंडरच्या प्रकरणात त्यांचा स्वर बदलतो. पुराव्यांची मांडणी करणारा लेखक अचानक वकील होतो. त्यांचा मुद्दा असा की, चालणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटना ज्या वाटाघाटी करत होत्या त्यांना या प्रकाराचा उपयोग झाला नाही, आणि नंतरच्या कायद्यांचे श्रेय त्याला देता येत नाही. मँचेस्टर-शेफील्डच्या त्या वेळच्या संघटनांनी खरोखरच या घुसखोरीला विरोध केला होता. त्यामुळे मुद्दा पोकळ नाही. मात्र शिक्षा जाहीर झाल्यावर विनॅट्स पासच्या वार्षिक सभेला हजारोंनी लोक आले, याचे वजन ते नीट करत नाहीत. समितीत काय ठरले हे इतिवृत्तात सापडते. समितीवर बाहेरून काय दडपण होते ते इतिवृत्तात सापडत नाही. इतिवृत्तावर भिस्त ठेवणाऱ्या इतिहासलेखनाला ही मर्यादा कायमच असते.

नकाशा उघडल्यावर

आता त्या रविवारच्या मार्गाकडे पाहू. हेफील्डहून निघून मंडळी किंडर जलाशयाच्या बाजूने विल्यम क्लफ नावाच्या घळीत शिरली. तिथे शिट्टीच्या इशाऱ्यावर वाट सोडून सँडी हेज या उतारावर पसरली. राखणदारांशी झटापट झाली ती इथे. मग वर ॲशॉप हेडपाशी जाऊन एडेलच्या बाजूने आलेल्या शेफील्डकरांच्या छोट्या गटाला भेटली, आणि परतली. किंडरचा माथा त्यांनी गाठलाच नाही. शिवाय विल्यम क्लफची वाट बंद नव्हतीच. हेफील्डहून स्नेक इनकडे जाणारी ती वाट पीक डिस्ट्रिक्टमधल्या पायवाटा-संरक्षण संस्थेने अनेक वर्षांच्या खटपटीनंतर २९ मे १८९७ रोजी सार्वजनिक म्हणून खुली करून घेतली होती. म्हणजे १९३२ चे 'घुसखोर' बराच काळ सार्वजनिक वाटेवरून चालत होते, आणि खरी घुसखोरी झाली ती उताराच्या थोड्याशा पट्ट्यात.

दंतकथा मोडू पाहणाऱ्याला हा मुद्दा फार आवडतो. शिखर गाठले नाही, वाट तर मोकळीच होती, मग कसला पराक्रम? मला मात्र याच नकाशावरून उलट निष्कर्ष निघतो असे वाटते, आणि दोन्ही पुस्तकांनी तो काढलेला नाही.

१८९७ मध्ये नेमके काय मिळाले? एक रेघ. काही फूट रुंद, दोन टोकांमधली, जाण्या-येण्यासाठी. ती रेघ मिळवण्यासाठी पुरावा लागला : ही वाट पूर्वापार आहे, अमुक गावचे लोक तमुक बाजाराला इथून जात, माझा आजा इथून मेंढरे नेई. इंग्लिश कायदा वाट मान्य करतो ती भूतकाळ दाखवल्यावर. एकदा सार्वजनिक ठरलेली वाट कायम सार्वजनिक राहते, हे त्या कायद्याचे औदार्य. आणि त्या रेघेच्या बाहेर एक पाऊल टाकले की तुम्ही परक्याच्या जमिनीत, हा त्याचाच दुसरा अर्थ. वाट मान्य झाली त्याच क्षणी उरलेला माळ बंद असल्याचेही मान्य झाले. विल्यम क्लफच्या उतारावर १९३२ मध्ये वाट सोडून बाजूला सरकणे, एवढीच त्या दिवसाची कृती होती, आणि तीच मुद्द्याची कृती होती. अंतर किती कापले याला महत्त्व नाही.

रेघेचा हक्क किती अरुंद आहे याचा नमुना म्हणून १८९३ चा हॅरिसन विरुद्ध ड्यूक ऑफ रटलंड हा निवाडा विद्यार्थ्यांनी पाहावा. हॅरिसन हा गृहस्थ ड्यूकच्या माळातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर उभा राहिला आणि छत्री उघडून ग्राउस पक्ष्यांना बिचकवू लागला, म्हणजे शिकारीचा विचका. राखणदारांनी त्याला धरून खाली दाबून ठेवले. त्याने दावा केला. न्यायालय म्हणाले, रस्ता जाण्या-येण्यासाठी आहे. तू त्यावर दुसऱ्याच हेतूने होतास, म्हणून सार्वजनिक रस्त्यावर उभा असूनही तू घुसखोरच. विनोदी वाटणारा हा निवाडा आजही अभ्यासला जातो.

आपल्याकडच्या वाचकाला या विचाराची एक बाजू ओळखीची वाटेल. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम इंग्लिश कायद्याच्याच साच्यातला. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने वाटेचा हक्क मिळतो हे त्यात आहे. महाराष्ट्रात बांधावरून शेतात जाण्याचा रस्ता तहसीलदाराकडे मागता येतो (जमीन महसूल अधिनियम, कलम १४३), आणि अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. गाव नकाशावर पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो आणि पाणंद-शिवरस्त्याच्या तंट्यात त्या तुटक रेषेवरून भाऊबंदकी होते. पण फरक ध्यानात घ्यावा. आपल्या बांधावरच्या वाटेचा हक्क शेताला चिकटलेला आहे. ज्याचे शेत त्याची वाट. किंडरवर जाणाऱ्या कामगाराचे माळावर काहीच नव्हते. ना शेत, ना मेंढरे, ना बाजार. त्याला तिथे काम नव्हते, आणि काम नसताना जायचे होते. असा हक्क वहिवाटीच्या पुराव्यात बसवणे मुळातच अवघड.

इथे रॉथमन आणि स्टीफन्सन यांचे खरे अंतर कळते. पायवाटा-संस्थांची परंपरा इतिहासाला साक्षीला बोलावते. जुने नकाशे, कुंपण-निवाडे, म्हाताऱ्यांच्या जबान्या. शेफील्डचे जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० मध्ये क्लॅरियन रॅम्बलर्स हा गट काढला आणि त्याच्या वार्षिक पुस्तिकांत माळावरच्या खुणेच्या दगडांची, स्थळनामांची, हरवलेल्या वाटांची चिकाटीने नोंद केली. स्थानिक इतिहास आणि चालणे यांची एवढी घट्ट गाठ दुसऱ्या कोणी क्वचितच मारली असेल. रॉथमन यांच्या भाषणातही माळ पूर्वी लोकांचा होता असा मुद्दा आहेच, पण त्यांचा दावा त्यावर उभा नाही. समजा माळ कधीच कोणाचा नव्हता, तरी आठवडाभर यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्याला मोकळी हवा हवी, इतकेच त्यांना म्हणायचे आहे. एक मागणी रेघेची, दुसरी पृष्ठाची. स्टीफन्सन यांनाही पृष्ठच हवे होते, हे त्यांच्या सर्व कामावरून दिसते. पण ते मिळवण्याची त्यांची रीत रेघ जोडत जाण्याची होती. पेनाइन वे हीदेखील शेवटी एक रेघच.

नकाशा हाच पुरावा

सर्वेक्षण शिकवणाऱ्याला या प्रकरणात आणखी एक गोष्ट खुणावते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर वर्षानुवर्षे एक सूचना छापलेली असते की, नकाशात रस्ता किंवा वाट दाखवली आहे म्हणून तिथून जाण्याचा हक्क आहे असे समजू नये. सर्वेक्षक म्हणतो, जमिनीवर जे दिसले ते मी काढले. कोणी जावे हे माझे काम नाही. १९४९ च्या कायद्याने याच्या नेमका उलटा नकाशा जन्माला घातला. प्रत्येक काउंटीने सार्वजनिक वाटांचा निर्णायक नकाशा करायचा, आणि त्यावर वाट असेल तर जमिनीवर काही दिसो वा न दिसो, हक्क सिद्ध. पहिल्या नकाशात दिसते पण हक्क नाही. दुसऱ्यात हक्क आहे पण दिसेलच असे नाही.

या दुसऱ्या नकाशाची माहिती गावोगावच्या ग्रामसभांकडून आणि चालणाऱ्यांच्या गटांकडून गोळा झाली. जिथे उत्साही शिक्षक किंवा चिवट चालणारा होता तिथे वाटा नोंदल्या गेल्या. जिथे सभेचा अध्यक्षच मोठा जमीनदार तिथे काय झाले असेल हे सांगायला नको. २००० च्या कायद्याने जुन्या वाटा नोंदवण्यासाठी १ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठेवली. २०२० मध्ये रॅम्बलर्स संघटनेच्या स्वयंसेवकांनी जुने आणि चालू नकाशे चौकोन-चौकोन ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये ४९ हजार मैलांहून जास्त वाटा नोंदीबाहेर असल्याचे आढळले. नोंदलेल्या वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैल आहेत, हे शेजारी ठेवले की आकड्याचा अर्थ कळतो. मुदत पुढे २०३१ पर्यंत ढकलली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती काढूनच टाकण्याचा इरादा सरकारने जाहीर केला. स्टीफन्सन यांची कंटाळवाणी फाइल-निष्ठा किती गरजेची होती, हे या आकड्यासमोर रॉथमनप्रेमींनी कबूल करायला हवे. मिरवणुकीने एवढ्या वाटा वाचत नाहीत. त्यासाठी कोणीतरी अभिलेखागारात बसावे लागते.

पृष्ठाचा हक्क आला तो २००० च्या त्याच कायद्याने. पर्वत, माळ, हेदरची राने, चुनखडीची कुरणे आणि नोंदलेली सामायिक जमीन, एवढ्यावर वाट सोडून फिरता येते; इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के क्षेत्रावर. इथे वहिवाटीचा पुरावा लागत नाही. पण नकाशा लागतोच, आणि तो वनस्पती पाहून काढलेला. हेदर असेल तर हक्क. तीच जमीन सुधारित गवताळ ठरली तर नाही. डार्टमूरमधला व्हिक्सन टॉर हा खडक पिढ्यान्पिढ्या लोकांच्या पायाखालचा. तो या व्याख्येत बसला नाही आणि २००३ पासून बंद झाला. तिथला इतिहास भरपूर होता. या कायद्यात त्याला विचारणारे कोणी नव्हते. काही मोकळे माळ तर चहूबाजूंनी खाजगी जमिनीने वेढलेले आहेत. पृष्ठ आहे, पण तिथवर नेणारी रेघ नाही.

निक हेज यांचे 'द बुक ऑफ ट्रेसपास' (२०२०) हे या घराण्यातले अलीकडचे गाजलेले पुस्तक, रॉथमन यांच्या बाजूचे. एकेका मोठ्या इस्टेटीत विनापरवाना शिरून ते तिचा मालकीचा इतिहास सांगतात, स्वतः काढलेल्या देखण्या चित्रांसह. उरलेल्या ९२ टक्क्यांचा सवाल त्यांनी नव्या पिढीपर्यंत पोचवला, हे श्रेय त्यांचे. गुलामांच्या व्यापारातला पैसा इंग्लंडच्या उद्यानांत कसा मुरला, हे सांगणारा भाग वसाहतीतल्या वाचकाने जरूर वाचावा. पण पुस्तक प्रत्येक भिंतीकडे एकाच रागाने पाहते. मेंढपाळाने कोकरांच्या दिवसांत घातलेले कुंपण आणि शिकारीसाठी घातलेले कुंपण यांतला फरक रॉथमन यांना कळत होता. शिकारीच्या आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात माळ बंद ठेवण्याच्या तडजोडी चळवळीने पूर्वीच मान्य केल्या होत्या. हेज तिथे घाई करतात.

२००२ मध्ये, रॉथमन वारल्यानंतर तीनच महिन्यांनी, किंडरच्या सत्तराव्या वर्धापनदिनी अकराव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने बाउडन ब्रिजला येऊन आपल्या आजोबांच्या वेळच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. किंडर १९८२ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. माफी मनापासूनची असावी. पण ती वाटेपुरती होती की माळापुरती, हे विचारायला तिथे स्टीफन्सनही नव्हते आणि रॉथमनही.

हा प्रश्न न्यायालयात अजून जिवंत आहे. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने लोकांना पायी आणि घोड्यावरून, मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी, सामायिक माळावर जाण्याचा हक्क दिला. तिथल्या एका जमीनमालकाचे म्हणणे असे की, पायी म्हणजे चालणे. तंबू ठोकून रात्र काढणे त्यात येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य केले, जुलैमध्ये अपील न्यायालयाने फिरवले, आणि २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की 'पायी आणि घोड्यावरून' हे शब्द माळावर कसे जायचे ते सांगतात, तिथे गेल्यावर काय करायचे त्याला बांध घालत नाहीत. तंबूतली रात्रही विरंगुळ्यात मोडते. हॅरिसनच्या छत्रीनंतर १३२ वर्षांनी.